अभंग तुकोबांचा, पण चाल कुणाची? एका भजनी मंडळाला आलेल्या कॉपीराइट स्ट्राइकचं प्रकरण

हे प्रकरण मंडळाच्या परवानगीने लिहितोय. गावाचं, माणसांचं, कंपनीचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं. मी वकिली करतो, मंडळातले दोघंतिघं ओळखीचे, म्हणून सगळे कागद आणि ईमेल माझ्याकडे आले.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातलं गाव. दर एकादशीला देवळात भजन, मंडळात पंधरासोळा माणसं, पेटी बुवांकडे, पखवाज त्यांच्या पुतण्याकडे. २०२० साली कोरोनामुळं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा बुवांच्या नातवाने देवळात चारच माणसं बसवून मोबाईलवर हरिपाठ रेकॉर्ड केला आणि यूट्यूबवर टाकला. मुंबईतल्या, सुरतेतल्या गाववाल्यांनी तो इतका पाहिला की मग दर एकादशीचं भजन चॅनेलवर जायला लागलं. चार वर्षांत दोनशेच्या वर व्हिडिओ, तीसेक हजार सबस्क्रायबर आणि महिन्याला पाचसहा हजार रुपये उत्पन्न. आषाढ कार्तिकात जरा जास्त. त्यातून पखवाजाची पुडी बदलणं, पेटीची दुरुस्ती, सप्ताहाची वर्गणी असा खर्च निघायचा, कुणाच्या खिशात काही जात नव्हतं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढं तीच महत्त्वाची ठरली. चॅनेल नातवाने उघडलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, म्हणून गूगलचं खातं, फोन नंबर, पॅन कार्ड आणि बँक सगळं त्याच्या आईचं, म्हणजे बुवांच्या सुनेचं. मी त्यांना वहिनी म्हणतो. वहिनींचा भजनाशी संबंध चहा करण्यापुरता, पण कायद्याच्या कागदावर चॅनेल त्यांचं.

काय झालं

जून २०२४ च्या शेवटी पालख्यांनी प्रस्थान ठेवलं आणि त्याच आठवड्यात पाठोपाठ तीन ईमेल आले. पोराने तिन्ही एकच समजले, "कॉपीराइट आलाय" एवढंच घरात सांगितलं आणि सगळे घाबरले. पण ती तीन वेगळी दुखणी होती.

पहिलं, हरिपाठाच्या व्हिडिओवर कंटेंट आयडी क्लेम. म्हणजे यूट्यूबच्या यंत्रणेला एका कंपनीने आधी दिलेल्या रेकॉर्डिंगशी हा आवाज जुळतोय असं वाटलं, व्हिडिओ तसाच राहिला पण जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळणार. दुसरं, एका सप्ताहाच्या व्हिडिओवर तसाच क्लेम, त्यात भजन सुरू व्हायच्या आधी देवळाच्या कर्ण्यावर एक जुनं रेकॉर्ड केलेलं भक्तिगीत वाजत होतं, ते ४७ सेकंद जसंच्या तसं आलं होतं. तिसरं मात्र स्ट्राइक. तुकोबांचा एक अभंग मंडळाने स्वतः गायलेला, तो व्हिडिओच काढून टाकला आणि वर लिहिलं की तक्रारदाराच्या ध्वनिमुद्रणाचा भंग झालाय. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

पोराने पहिल्याच रात्री काय केलं, तर स्ट्राइक आलेला व्हिडिओ डिलीट केला. त्याला वाटलं चूक पुसली की शिक्षा पण जाईल. तसं होत नाही, स्ट्राइक जागेवरच राहतो, वर मूळ फाईल मोबाईलमधून कधीच उडालेली होती, म्हणजे आम्ही नक्की काय गायलो होतो हे दाखवायलाच काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला टेलिग्रामवर एकजण भेटला, पंधरा हजारात स्ट्राइक काढून देतो म्हणाला, फक्त जीमेलचा पासवर्ड आणि ओटीपी दे. वहिनींनी ओटीपी द्यायला नकार दिला. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता असं मी आजही म्हणतो, कारण त्या खात्याला बँक, पॅन, घरातले फोटो, सगळं जोडलेलं होतं.

आधी काय काय वेगळं करावं लागलं

मंडळाचं म्हणणं एकच होतं, तुकोबांच्या अभंगावर कुणाचा कॉपीराइट असेल? भावना बरोबर आहे आणि शब्दांपुरती कायद्यातही बरोबर आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, मग ते सगळ्यांचं होतं. ज्ञानेश्वर महाराजांची समाधी १२९६ ची, तुकोबा सतराव्या शतकातले, तिथं प्रश्नच नाही.

पण भजनात शब्द हा एक भाग झाला. चाल ही वेगळी कृती, ती ज्या संगीतकाराने बांधली त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आणि रेकॉर्डिंग ही तिसरी गोष्ट, त्याचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, तो निर्मात्याचा, म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचा. रेकॉर्डिंगचा हक्क म्हणजे त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा हक्क, तेच पद दुसऱ्याने स्वतःच्या गळ्याने नव्याने गायलं तर रेकॉर्डिंगचा भंग होत नाही, चालीचा होतो का ते वेगळं बघायचं.

हे मी देवळाच्या पायरीवर बसून तीन दगड मांडून सांगितलं, शब्द, चाल, रेकॉर्डिंग, आणि मग एकेका व्हिडिओला विचारत गेलो. हरिपाठ: शब्द सगळ्यांचे, चाल वारकऱ्यांची पारंपरिक, आवाज आपला. तिन्ही स्वच्छ. सप्ताहाचा व्हिडिओ: कर्ण्यावरचं रेकॉर्डिंग दुसऱ्याचं, ते आपल्यात आलंय, इथं चूक आपली. मागं सहज वाजत होतं म्हणून सुटका होत नाही, कारण पार्श्वभूमीला ओझरतं आलं तर चालेल अशी जी सूट आपल्या कायद्यात आहे ती चित्र, शिल्प अशा कलाकृतींसाठी आहे, संगीतासाठी नाही. आणि तिसऱ्याला शब्द सगळ्यांचे, आवाज आपला, चाल?

"चाल आपलीच," बुवा म्हणाले, "माझे वडील म्हणायचे ती."

वहीतली नोंद

मग पुरावा शोधायला लागलो. बुवांच्या वडिलांची भजनाची वही होती, लाल कापडात बांधलेली. अशा वह्यांची पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल:" लिहून एखाद्या ओळखीच्या गाण्याची पहिली ओळ दिलेली असते, कारण स्वरलिपी कुणाला येत नाही, चाल लक्षात ठेवायची ती दुसऱ्या गाण्याच्या खुणेने. त्या अभंगाच्या डोक्यावर पण होतं. आणि जी ओळ होती ती सत्तरच्या दशकात रेकॉर्ड झालेल्या एका गाण्याची. म्हणजे ज्या वहीवर आमचा भरवसा होता तिनेच सांगितलं की चाल वडिलांची नव्हती, रेडिओवरून आली होती. त्या संगीतकाराला जाऊन अजून ६० वर्षं व्हायचीत.

बुवा बराच वेळ वही मिटून बसले होते. माझ्या मते या प्रकरणाचा खरा निर्णय तिथं झाला, मी केलेल्या कुठल्याच अर्जात नाही.

तरी कंपनीचं म्हणणं सरळ बरोबर होतं असं पण नाही. त्यांनी तक्रार ध्वनिमुद्रणाची केली होती, आणि मंडळाने त्यांचं ध्वनिमुद्रण वापरलंच नव्हतं. चालीचा हक्क त्यांच्याकडे आहे की संगीतकाराच्या वारसांकडे हे त्यांच्या नोटिशीत कुठंच नव्हतं. म्हणजे तक्रार चुकीच्या कारणाची, पण दुसरं एक कारण खरं असू शकतं, अशा अडचणीच्या जागी आम्ही होतो.

कोणते पर्याय होते

काहीच न करणं हा पहिला. यूट्यूबचं कॉपीराइट स्कूल, म्हणजे कॉपीराइटचा छोटा ऑनलाइन धडा, पूर्ण केलं आणि ९० दिवस दुसरा स्ट्राइक आला नाही तर हा आपोआप संपतो. पण समोर आषाढी, चातुर्मास, गणपती, सगळं भजनाचंच, आणि दोनशे व्हिडिओंतले अजून किती या वहीतल्या खुणांचे ते माहीत नाही.

दुसरा काउंटर नोटिफिकेशन. हे मला आधी सगळ्यात बरोबर वाटलं होतं आणि मी तसं बोलूनही बसलो होतो. ही पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यावर बेतलेली आहे. तुम्ही शपथपूर्वक सांगायचं की व्हिडिओ चुकून काढला गेला, मग तक्रारदाराने कामाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. पण त्या फॉर्ममध्ये खरं नाव, घरचा पत्ता, फोन द्यावा लागतो आणि तो जसाच्या तसा समोरच्या कंपनीला जातो. शिवाय तुम्ही अमेरिकेबाहेर असाल तर यूट्यूब जिथं आहे तिथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य आहे असं लिहून द्यावं लागतं. तक्रार करणारी कंपनी मुंबईची, गाणारे साताऱ्याचे, अभंग देहूचा आणि कोर्ट कॅलिफोर्नियाचं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते तसंच सांगतो.

आणि नाव कुणाचं जाणार होतं? वहिनींचं. "मी गायले नाही, चाल लावली नाही, मग माझा पत्ता त्यांना का द्यायचा?" त्यांनी विचारलं आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वकिलामार्फत काउंटर नोटिफिकेशन पाठवता येतं, त्यात पत्ता वाचवता येतो, पण शपथ खातेदाराच्या वतीनेच असते. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा कायदा इथं कामाला येईल का असं पोराने विचारलं, तर तो तेव्हा अंमलात आलाच नव्हता, आणि त्यातही कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला बऱ्याच तरतुदींतून सूट दिलेली आहे.

तिसरा पर्याय आपल्या कायद्याचा. कलम ६० खाली, कुणी बिनबुडाची कॉपीराइटची धमकी देत असेल तर उलट दावा लावता येतो. पण बिनबुडाची म्हणायला आपला पाया पक्का हवा, आणि वही समोर उघडी होती. शिवाय दाव्याचा खर्च चॅनेलच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाहून जास्त गेला असता.

चौथा, तक्रारदाराशी बोलून स्ट्राइक मागे घ्यायला लावणं. यात आपलं काही कबूल करावं लागतं ही त्याची किंमत.

मंडळातल्या एकाने मध्येच असं पण काढलं की धार्मिक कार्यक्रमाला कॉपीराइट लागतच नाही. आहे, कलम ५२ मध्ये खऱ्या धार्मिक विधीत गाणं, वाजवणं याला सूट आहे, आणि हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांपुढं किंवा धार्मिक संस्थेसाठी सादर केलं तरी सूट आहे. देवळात तीच चाल म्हणायला कुणी अडवू शकत नाही. पण ती सूट देवळातल्या सादरीकरणाची, तेच रेकॉर्ड करून जाहिरातींसकट कायमचं इंटरनेटवर ठेवणं त्यात बसवणं मला अवघड वाटलं. योगायोगाने त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने गोवा सरकारचं एक परिपत्रक रद्द केलं, लग्नसमारंभातल्या संगीताला शुल्क मागता येणार नाही अशा अर्थाचं ते होतं, आणि कोर्टाचा मुद्दा हा की कायद्यात जेवढं लिहिलंय त्याच्यापुढं सरकारी परिपत्रकाने जाता येत नाही. ती बातमी मी मंडळाच्या ग्रुपवर टाकली, त्यानंतर तो विषय थांबला.

काय केलं

हरिपाठावर आम्ही पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट, म्हणजे क्लेम मान्य नसल्याची हरकत, टाकला. पाच दिवस कशाला, तर तेवढ्यात टाकला की पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला अडकवून ठेवले जातात, उशीर केला तर आधीचे क्लेम करणाऱ्याला जातात. मजकूर चार ओळींचा लिहिला: शब्द तेराव्या शतकातले, चाल पारंपरिक, गायन आमचं, तुमचं रेकॉर्डिंग वापरलेलं नाही. पोराने भावनिक एक पानभर लिहिलं होतं, ते काढलं. कंपनीला उत्तराला ३० दिवस असतात. इथं एक धोका समजून घेतला होता, त्यांनी डिस्प्यूट फेटाळला, आपण अपील केलं आणि तरी ते अडून बसले तर ते व्हिडिओ काढायची मागणी करू शकतात, म्हणजे क्लेमचा स्ट्राइक होऊ शकतो. हरिपाठासाठी तो धोका घ्यायचा असं बुवांनी ठरवलं. "ह्याच्यावर गप बसलो तर उद्या काकड्यावर पण येतील," हे त्यांचे शब्द.

सप्ताहाच्या व्हिडिओतले ते ४७ सेकंद यूट्यूबच्याच एडिटरमध्ये म्यूट केले, दोन दिवसांत क्लेम गेला. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

स्ट्राइकसाठी काउंटर नोटिफिकेशन टाकायचं नाही असं ठरलं. बुवा म्हणाले, "वहीत वडिलांच्या हातचं लिहिलंय, मग शपथेवर वेगळं कसं सांगायचं?" मी माझ्या लेटरहेडवर कंपनीला पत्र लिहिलं, वहिनींचा पत्ता कुठंही न देता. त्यात दोन गोष्टी: तुमचं ध्वनिमुद्रण आम्ही वापरलेलं नाही, त्यामुळं तक्रार आहे तशी चुकीची आहे, पण चालीबद्दल वाद नको म्हणून हा व्हिडिओ मंडळ त्या चालीत परत टाकणार नाही, स्ट्राइक मागे घ्या.

पहिल्यांदा नुसतं यांत्रिक उत्तर आलं. तीन आठवड्यांनी दुसरं आलं, सोबत एक हमीपत्र, सही करून पाठवा म्हणून. ते नीट वाचलं नसतं तर मोठं नुकसान होतं, कारण त्यात एका वाक्यात असं होतं की चॅनेलवरच्या सर्व भक्तिरचनांमधले कंपनीचे हक्क मंडळाला मान्य आहेत. सर्व. म्हणजे हरिपाठ पण, ज्याचा डिस्प्यूट आम्ही त्याच वेळी लढत होतो. पोरगं म्हणत होतं सही करून टाकू, स्ट्राइक तर जातोय. वहिनींनी विचारलं, "सही माझी ना? मग मी सगळं वाचून करणार." ते वाक्य खोडून "फक्त वरील एका व्हिडिओपुरतं" असं घालून आम्ही परत पाठवलं. अजून दोन ईमेल झाले आणि २१ ऑगस्टला स्ट्राइक मागे घेतल्याचं कळलं.

शेवटी हाती काय आलं

हरिपाठावर ३० दिवसांत कंपनीने उत्तरच दिलं नाही, क्लेम आपोआप सुटला आणि आषाढीचे अडकलेले पैसे मिळाले, दोन हजारांच्या आसपास. मी याला निकाल म्हणणार नाही. कुणी ऐकून घेऊन बरोबर चूक ठरवलं नाही, समोरचा गप्प बसला म्हणून आपलं आपल्याला परत मिळालं.

तुकोबांचा तो अभंग मंडळाने कार्तिकीला पुन्हा गायला, यावेळी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यांकडून घेतलेल्या जुन्या वारकरी चालीत. पहिला व्हिडिओ मात्र गेला तो गेलाच. त्यात मंडळातले एक जण शेवटचे दिसत होते, जे त्या उन्हाळ्यात वारले, आणि त्यांच्या घरच्यांनी दोनदा विचारलं की ते कुठं बघायला मिळेल का.

वेगळं काय करता आलं असतं

व्हिडिओ डिलीट करायला नको होता आणि मूळ फाईली एखाद्या हार्डडिस्कवर ठेवायला हव्या होत्या. हे कायद्याचं पण नाही, नुसत्या जपणुकीचं आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथंच झालं.

माझी चूक ही की मी वही बघायच्या आधी काउंटर नोटिफिकेशनचा सल्ला दिला. दोन दिवस मंडळ त्या आशेवर होतं, आणि वहिनींना त्यांच्या नावाने काय जाणार हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. खातं कुणाच्या नावावर आहे हा मी पहिला प्रश्न विचारायला हवा होता. आता चॅनेलचे अधिकार नातवाला वेगळे दिलेत, पासवर्ड वहिनींकडेच, आणि देवस्थान ट्रस्टच्या नावाने खातं करायचं चाललंय.

एका गोष्टीवर माझं मन अजून ठरलेलं नाही. त्या चालीसाठी आम्ही फार लवकर माघार घेतली का? कंपनीने चालीचा हक्क दाखवलाच नव्हता, आणि आपल्या कायद्याच्या नियमांत एक वाट आहे, काही प्रकारच्या मध्यस्थांसाठी, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर दाखवणाऱ्या इंटरनेट सेवांसाठी, की तक्रार आली तर ३६ तासांत मजकूर बंद करायचा पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत चालू करता येतो. ती वाट यूट्यूबच्या फॉर्ममध्ये कुठंच दिसत नाही आणि ती इथं लागू पाडून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं असतं. कुणीतरी जायला हवं असं मला वाटतं. पण ते ओझं सोळा माणसांच्या भजनी मंडळावर टाकायला मी तयार नव्हतो.

यंदाच्या माघात पलीकडच्या तालुक्यातल्या एका मंडळाचा फोन आला. त्यांच्या हरिपाठावर क्लेम आलाय, त्याच कंपनीचा, त्याच रेकॉर्डिंगवरून. आपला क्लेम सुटला तरी कंपनीने यूट्यूबकडे दिलेली मूळ फाईल तशीच आहे, ती अजून जुळवतेय. बुवांनी त्यांना आमच्या चार ओळी पाठवल्या आणि पाच दिवसांच्या आत टाका म्हणून सांगितलं.